नागपूरहून अंगकोरला जायचंय? तिकिटापासून भिंतीवरच्या महाभारतापर्यंत सगळं

दिवाळीच्या सुट्ट्या जवळ आल्या की आपल्या नागपुरात चर्चा ठरलेलीच, बँकॉक-पटाया करायचं का दुबई. आणि बँकॉकला जाऊन आलेल्या दहा जणांना विचारा, अंगकोरला गेले होते का, तर नऊ जण विचारतील, ते काय असते? बँकॉकपासून विमानानं जेमतेम तासाभरावर आहे हो ते! कंबोडियात सिएम रीप नावाचं छोटंसं शहर आहे आणि त्याला लागून शेकडो देवळं. त्यातलं अंगकोर वाट हे जगातल्या सगळ्यात मोठ्या धार्मिक वास्तूंपैकी एक आहे आणि मूळचं ते विष्णूचं मंदिर आहे. 1992 पासून हा सगळा भाग युनेस्कोच्या यादीत आहे.

मी हे एवढं कळकळीनं लिहून राहिलो त्याचं कारण वेगळं आहे. टूर पॅकेजवाले एका दिवसात सगळं उरकून टाकतात, पहाटे सूर्योदयाचा फोटो, मग झाडाच्या मुळांचा फोटो, मग मोठ्या चेहऱ्यांचा फोटो, झालं, चला एअरपोर्टला. आणि ज्या माणसानं लहानपणी आजीकडून रामायण-महाभारत ऐकलंय त्याच्यासाठी तिथं जे खरं आहे ते या घाईत राहूनच जाते. युरोपातून आलेला माणूस भिंतीसमोर गाईडचं तोंड बघत उभा राहतो, तुम्ही मात्र ती भिंत स्वतः वाचू शकता. म्हणून हा प्लॅन तीन दिवसांच्या पासचा आहे, त्याहून कमी करू नका.

आधी तारखा

नोव्हेंबर ते फेब्रुवारी कोरडा आणि त्यातल्या त्यात थंड मोसम, म्हणून डिसेंबर-जानेवारीत गर्दीही बम. मला विचाराल तर नोव्हेंबरचा पहिला-दुसरा आठवडा घ्या, पाऊस सरत आलेला असतो, खंदक आणि तळी भरलेली असतात, झाडी हिरवीगार, आणि पोरांना बरेचदा दिवाळीची सुट्टीही असते. त्यात कार्तिकी पौर्णिमा, म्हणजे आपली त्रिपुरी पौर्णिमा जुळून आली तर त्यांचा बोन ओम तूक हा पाण्याचा सण आणि होड्यांच्या शर्यती पाहायला मिळतात.

एप्रिल-मे बद्दल सगळे विचारतात कारण शाळा तेव्हाच बंद. तिथलं तापमान 36 ते 40 च्या घरात जाते, आपल्या मे महिन्यापेक्षा कमीच, पण आपली गर्मी कोरडी आहे, तिथं दमट. कपडे अंगाला चिकटून राहतात आणि दुपारी अकरानंतर दगड असा तापतो की हात लावता येत नाही. जमत असेल तर टाळा. एप्रिलच्या मध्यात त्यांचं नवीन वर्ष असते, तेव्हा सगळा देशच फिरायला निघतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात भाद्रपदातच त्यांचा प्चुम बेन असतो, पंधरा दिवस पितरांसाठी विहारात भाताचे गोळे नेतात, आपला पितृपक्षच म्हणा. तो काळ पावसाचा आहे पण पाऊस बहुतेक दुपारनंतर तास-दोन तास पडून जातो, हॉटेलही स्वस्त मिळते.

आणखी एक, 21 मार्च आणि 23 सप्टेंबरच्या आसपास सूर्य अंगकोर वाटच्या बरोबर मधल्या शिखरावरून उगवतो. त्यासाठी लोक खास येतात.

विमान, व्हिसा, कागदपत्रं

नागपूरहून सरळ विमान नाही. सोपे रस्ते दोन. एक, नागपूर-कोलकाता-बँकॉक-सिएम रीप. दुसरा, मुंबई किंवा दिल्लीहून बँकॉक, क्वालालंपूर, सिंगापूर नाहीतर हो ची मिन्ह सिटी करत सिएम रीप. कोलकात्याचा रस्ता अंतरानं जवळचा पडतो, आणि विमानाचे पैसे वाचवायचे असतील तर नागपूर-हावडा गीतांजली आहेच, पण मग कोलकात्यात एक पूर्ण दिवस हाताशी ठेवा, गाडी लेट झाली तर पुढचं सगळं बोंबलते.

बुकिंग करताना एक गोष्ट नीट बघा. सगळा प्रवास एकाच तिकिटावर असेल तर बँकॉकला सामान पुढं आपोआप जाते आणि तुम्हाला थायलंडमध्ये शिरावं लागत नाही. वेगवेगळी तिकिटं घेतली तर सामान उचला, इमिग्रेशन करा, थायलंडचं डिजिटल अरायव्हल कार्ड भरा, आणि कधी कधी सुवर्णभूमीहून डॉन मुआंगला, म्हणजे शहराच्या दुसऱ्या टोकाच्या विमानतळावर जा. दोन-तीन हजार वाचवायला हा उपद्व्याप करू नका, निदान म्हातारी माणसं सोबत असतील तर अजिबात नको.

बँकॉकहून बसनं बॉर्डर ओलांडून जायचा सल्ला जुन्या व्हिडिओंमध्ये सापडेल. 2025 मध्ये थायलंड आणि कंबोडियाच्या सीमेवर लढाई झाली आणि जमिनीवरचे नाके बंद झाले. तेव्हा बसचं डोक्यातून काढून टाका, विमानानंच जा, आणि तिकीट काढण्याआधी आपल्या परराष्ट्र मंत्रालयाची सूचना काय आहे ते वाचा. प्रेआह विहेआर हे देऊळ सुंदर आहे पण ते बरोबर या वादाच्या सीमेवरच आहे, त्या बाजूला सध्या जाऊच नका.

कंबोडियाचा टुरिस्ट ई-व्हिसा ऑनलाइन निघतो, 30 डॉलर अधिक थोडी फी, मुक्काम 30 दिवसांपर्यंत. फक्त सरकारी साइटवरूनच काढा, शेवटी 'जीओव्ही डॉट केएच' असेल तीच खरी, गुगलवर वर दिसणाऱ्या बऱ्याच साइट दलालांच्या असतात आणि दुप्पट पैसे घेतात. पासपोर्टची मुदत पोहोचल्यापासून किमान सहा महिने हवी, आजच कपाटातून काढून तारीख बघा, सुट्ट्यांच्या तोंडावर पासपोर्ट सेवा केंद्राची अपॉइंटमेंट लवकर मिळत नाही. निघण्याआधीच्या सात दिवसांत त्यांचं ई-अरायव्हल कार्ड भरायचं, ते फुकट आहे.

पैसे

तिथं डॉलर सर्रास चालतो, रिएल हे त्यांचं चलन सुट्ट्यासाठी, एक डॉलरचे साधारण चार हजार रिएल. नोटा नागपुरातूनच घेऊन जा आणि घेताना एकेक नोट उजेडात धरून बघा, जरा फाटलेली, शाई लागलेली, कोपरा दुमडून झिजलेली नोट तिथं कोणीच घेत नाही. एक आणि पाचच्या नोटा भरपूर मागून घ्या. एटीएम आहेत पण दर वेळी चार-पाच डॉलर कापतात.

पोहोचल्यावर

सिएम रीपचं नवीन विमानतळ ऑक्टोबर 2023 मध्ये सुरू झालं आणि ते शहरापासून चाळीसेक किलोमीटर लांब आहे, जुन्या लेखांमध्ये दहा मिनिटांत हॉटेल असं लिहिलेलं असते ते विसरा. हॉटेलला आधीच गाडी सांगून ठेवा. राहायला जुन्या मार्केटच्या आसपास घ्या, पण पब स्ट्रीटला चिकटून नको, रात्रभर स्पीकर वाजतात आणि तुम्हाला पहाटे साडेचारला उठायचंय.

फिरायला टुकटुक. तिथला टुकटुक म्हणजे मोटरसायकलच्या मागं जोडलेली छपराची गाडी, चौघं बसतात, हवा लागते, बरं वाटते. जवळच्या देवळांसाठी दिवसाचे 15 ते 20 डॉलर, लांबच्या बांतेय स्रेईला 25 ते 30 धरा. पहिल्या दिवशीचा ड्रायव्हर भला वाटला तर तिन्ही दिवस तोच ठेवा, तो थंड पाण्याच्या बाटल्या ठेवतो, कुठल्या वेळी कुठल्या दारानं गर्दी कमी हे त्याला पाठ असते. गावातल्या गावात फिरायला ग्रॅब, म्हणजे ओला-उबरसारखं ॲप, चालते.

अंगकोरचा पास

एक दिवसाचा 37 डॉलर, तीन दिवसांचा 62, सात दिवसांचा 72. तीन दिवसांचा पास दहा दिवसांत कधीही तीन दिवस वापरता येतो, सलग जायचं बंधन नाही, आणि हीच त्याची खरी मजा आहे. बारा वर्षांखालच्या मुलांना फुकट, पण पासपोर्ट दाखवावा लागतो. प्रत्येक पासमधले 2 डॉलर कांथा बोफा या मुलांच्या हॉस्पिटलला जातात. पास ऑनलाइन काढा किंवा शहरातल्या तिकीट ऑफिसात, देवळाच्या दारात मिळत नाही. त्यावर तुमचा फोटो असतो म्हणून दुसऱ्याला देता येत नाही.

संध्याकाळी पाचच्या सुमारास जाऊन दुसऱ्या दिवसापासूनचा पास घेतला तर त्याच संध्याकाळी सूर्यास्ताला आत सोडतात आणि दिवस मोजत नाहीत. मग सगळे पळतात नोम बाखेंगच्या टेकडीवर, तिथं एका वेळी तीनशेच लोक वर सोडतात आणि रांग लागते. तुम्ही प्रे रूपला जा, राजेंद्रवर्मन राजाचं 961 सालचं विटांचं शिवमंदिर, पायऱ्या उभ्या आहेत, पण वरून चहूकडं भातशेती आणि जंगल दिसते.

कपडे: खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, बायकांना आणि पुरुषांना दोघांनाही. ओढणी गुंडाळून चालत नाही. सुती कुर्ता-पायजमा सगळ्यात उत्तम.

पहिला दिवस: बांतेय स्रेई

बहुतेक लोक हे शेवटी ठेवतात, तोवर डोळे थकलेले असतात. मी म्हणतो सुरुवातच इथून करा. 967 सालचं छोटंसं शिवमंदिर, गुलाबी वालुकाश्माचं, शहरापासून तासाभरावर. शिखरं ठेंगणी आहेत म्हणून कोरीवकाम जवळपास डोळ्यांच्या उंचीवर येते आणि नजर तयार होते. सकाळी उघडलं की लगेच आत जा.

आतल्या दोन ग्रंथालयांसारख्या खोल्यांच्या वरच्या त्रिकोणी कमानी शोधा. एकीवर रावण कैलास हलवतोय. वेरूळच्या कैलास लेण्यातला तोच प्रसंग आठवा आणि मग हा बघा. इथं कैलास पायरीपायरीचा केलाय, खाली प्राणी घाबरून पळताहेत, वर पार्वती शंकराला बिलगलीय. दुसरीवर खांडववन जळतंय, वर इंद्र ऐरावतावर बसून पाऊस पाडतोय, पावसाच्या तिरक्या रेषा दगडात कोरल्यात आणि त्यांच्या खाली बाणांचं जाळं, म्हणजे पाऊस खाली पोहोचू नये म्हणून कृष्णार्जुनांनी केलेलं छत. ही गोष्ट माहीत नसलेल्या माणसाला त्या फक्त रेघा दिसतात.

परत येताना लँडमाइन म्युझियम लागते, तिथं थांबा. या देशात युद्धातले भूसुरुंग अजून काढणं सुरू आहे, म्हणून लांबच्या देवळांपाशी मळलेली वाट सोडून झाडीत शिरायचं नाही, लघवीला सुद्धा नाही.

दुसरा दिवस: अंगकोर वाट, दोन वेळा

देऊळ पहाटे पाचला उघडते. सूर्यवर्मन दुसरा या राजानं बाराव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात बांधलं, भोवती 190 मीटर रुंद खंदक, तोंड पश्चिमेला. सूर्योदय बघायला सगळे डावीकडच्या तळ्याशी गर्दी करतात, तुम्हीही बघा, छानच दिसते. पण सूर्य वर आला की बहुतेक लोक नाश्त्याला परततात, त्या वेळी तुम्ही सरळ देवळातून पार जाऊन मागच्या, पूर्वेच्या गॅलरीत पोहोचा. सकाळचं ऊन तिथल्या भिंतीवर येते आणि तिथं समुद्रमंथन आहे.

सुमारे 49 मीटर लांबीचं एकच चित्र. डावीकडं 92 असुर, उजवीकडं 88 देव, मधे विष्णू, खाली कासव, वर अप्सरा. असुरांचे डोळे बटबटीत गोल आणि डोक्यावर तुरेवाले मुकुट, देवांचे डोळे बदामी, एवढं लक्षात ठेवलं की कोण कुठल्या बाजूचा ते लगेच कळते. वासुकी सगळ्यांच्या हातातून गेलाय आणि सगळ्यांचे पाय एकाच लयीत मागं रेटलेले. आता देवांच्या रांगेच्या अगदी टोकाला जा, वासुकीचं शेपूट धरून कोण उभं आहे? हनुमान! आपल्याकडच्या कथेत तो मंथनाला नसतो, ख्मेर, म्हणजे तिथल्या कारागिरांनी त्याला आणून उभं केलंय. मुलं सोबत असतील तर त्यांना आधी सांगू नका, शोधू द्या. पाण्यात खाली मासे आणि मगरी आहेत, मंथनाच्या खांबाजवळ जे आले त्यांचे दोन तुकडे झालेले दाखवलेत.

मग वरच्या मजल्यावर, बाकानला जा. जिना फार उभा आहे, रांग असते, आणि बौद्धांच्या उपोसथाच्या दिवशी तो बंद असतो म्हणून हॉटेलात आदल्या रात्रीच विचारा. दहा-साडेदहाला हॉटेलवर परत, जेवा, झोपा. दुपारी फिरायचा हट्ट करू नका.

तीनच्या सुमारास परत या, पश्चिमेच्या दारानंच. आता ऊन पश्चिमेच्या भिंतीवर असते. आत शिरल्यावर उजवीकडं वळा आणि भिंत डाव्या हाताला ठेवून चाला. आपल्याला प्रदक्षिणेची सवय, त्यामुळं उलटं वाटेल, पण ही चित्रं अशीच लावलीत, अपसव्य, आणि पश्चिमेचं तोंड व हा क्रम यावरून काही अभ्यासक या देवळाचा संबंध राजाच्या अंत्यसंस्काराशी जोडतात.

पहिलं कुरुक्षेत्र. डावीकडून कौरव, उजवीकडून पांडव, टोकांना शिस्तीत चालणारं सैन्य आणि मधे येता येता नुसता कल्लोळ, शरशय्येवरचे भीष्म शोधा. कोपऱ्यावरच्या खोलीत गोवर्धन उचललेला कृष्ण आहे, वालीवध आहे. वळल्यावर दक्षिणेला राजा सूर्यवर्मन स्वतः, त्याच्यावर पंधरा छत्र्या. पुढं स्वर्ग आणि नरक, रेड्यावर अनेक हातांचा यम आणि त्याचा हिशेबनीस चित्रगुप्त, खालच्या पट्ट्यात पाप्यांना ओढत नेताहेत, आणि कुठल्या पापाला कुठला नरक ते छोट्या शिलालेखांत लिहिलंय.

उत्तरेकडचं काम बरंच नंतर, सोळाव्या शतकात कोरलेलं आहे, फरक डोळ्याला दिसतो, तिथं भरभर चाला. वेळ ठेवा लंकेच्या लढाईसाठी, ती पश्चिमेच्याच भिंतीवर आहे, दाराच्या डावीकडं. हनुमानाच्या खांद्यावर उभा राम, मागं लक्ष्मण आणि बिभीषण, समोर दहा तोंडांचा रावण रथात, आणि चहूकडं वानर राक्षसांना चावताहेत. संध्याकाळच्या उन्हात हा दगड सोनेरी होतो. हात मात्र लावू नका, आधीच्या लोकांनी हात लावून लावून काही आकृत्या काळ्या गुळगुळीत करून टाकल्यात.

मधे एक दिवस सुट्टी

पास थांबवा. तोनले साप तलाव बघा, पावसाळ्यात मेकाँगचं पाणी एवढं चढते की तलावातून निघणारी नदी उलटी वाहू लागते आणि तलाव कित्येक पट फुगतो. काम्पोंग फ्लुक गावात उंच खांबांवर घरं आहेत, ऑगस्ट ते डिसेंबर पाणी भरपूर असते. कोणी म्हटलं की गावातल्या अनाथाश्रमासाठी तांदूळ विकत घ्या, तर नम्रपणे नाही म्हणा, पोरांच्या नावावर पर्यटकांना लुटायचा तो धंदा झालाय. लहान मुलांकडून पोस्टकार्डं घेऊ नका, घेतली की ती शाळेत जात नाहीत.

दुपारी अपोपो या संस्थेच्या केंद्रात सुरुंग हुंगणारे मोठे उंदीर बघा, यांच्यातल्याच मागावा नावाच्या उंदराला 2020 मध्ये ब्रिटनमधल्या संस्थेनं शौर्याचं सुवर्णपदक दिलं होतं. रात्री फारे सर्कस, जनावरं नाहीत, सगळी तरुण पोरं.

तिसरा दिवस: सातवा जयवर्मन

हा राजा महायान बौद्ध. आपल्या दीक्षाभूमीच्या शहरातून जाणाऱ्यानं त्याला एक पूर्ण दिवस द्यायलाच हवा. ता प्रोहमच्या शिलालेखात त्याच्या राज्यातल्या 102 आरोग्यशाळांची नोंद आहे, आणि प्रजेचं दुखणं त्याला स्वतःच्या दुखण्यापेक्षा जास्त सलायचं असं दुसऱ्या एका शिलालेखात म्हटलंय.

सकाळी साडेसातला ता प्रोहम, 1186 साली आईच्या नावानं उभारलेलं, मुळांनी कवटाळलेलं. इथं आपल्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागानं जीर्णोद्धाराचं काम केलंय, अंगकोर वाटमध्येही 1986 ते 1993 त्यांनीच केलं होतं. मग बायोन, ते मोठ्या दगडी चेहऱ्यांचं देऊळ. चेहरे बघाच, पण त्याआधी खालच्या बाहेरच्या भिंतीवर थांबा, इथं देव नाहीत, माणसं आहेत. बाजार भरलाय, मासे तोलताहेत, कोंबड्यांची झुंज लागलीय, एक बाई बाळंत होतेय, कढईत अख्खं डुक्कर सोडताहेत. आठशे वर्षांपूर्वीचा ख्मेर माणूस काय खात-पीत होता ते दुसरीकडं कुठंच एवढं जवळून दिसत नाही.

दुपारनंतर प्रेआह खान, 1191 साली वडलांच्या नावानं, आणि तिथून जवळ नेआक पेआन हे तळ्यातलं बेट. भंडारा-गोंदियाकडच्या लोकांनी हे तळं, आणि वेळ असेल तर आठ किलोमीटर लांबीचा पश्चिम बाराय तलाव जरूर बघावा, आपल्या मालगुजारी तलावांवर वाढलेल्या माणसाला पाणी साठवायची ही अक्कल पटकन कळते. प्रेआह खानमध्ये भिंतीवर बुद्धमूर्ती छिन्नीनं खरवडलेल्या रिकाम्या जागा दिसतील, जयवर्मननंतरच्या काळात झालेलं काम ते. मन खट्टू होते, पण बघून घ्या.

जेवण, औषधं आणि आई-बाबा

शाकाहारी लोकांची खरी अडचण फिश सॉसची. भाजी म्हणून आणतात त्यातही ते असते आणि प्राहोक नावाची आंबवलेल्या माशांची चटणी तर सगळ्यात. भारतीय हॉटेलं शहरात आहेत, नारळाच्या रसातला आमोकही काही ठिकाणी बिनमाशाचा करून देतात. तरी घरून मेथीचे पराठे, चिवडा आणि थोडं सुकं पीठलं न्याच. ओआरएसची पाकिटं, डासांचं मलम (डेंग्यू आहे तिथं), टॉर्च, टोपी. माकडांना खायला घालू नका, चावतात, आणि चावलं तर रेबीजची इंजेक्शनं शोधत फिरावं लागते.

गुडघे दुखणाऱ्या आई-बाबांना नेत असाल तर बांतेय स्रेई सपाट आहे, ता प्रोहमला लाकडी फळ्यांची वाट आहे, बायोनची बाहेरची भिंत खालूनच दिसते. अंगकोर वाटचं बाकान आणि प्रे रूपची चढण त्यांना करायला लावू नका, तेवढ्या वेळात त्यांना समुद्रमंथनापाशी गॅलरीच्या सावलीत बसवा. आत टॉयलेट मोजकीच आहेत आणि ती देवळांच्या बाहेर, पास दाखवून फुकट, म्हणून प्रत्येक देवळात शिरण्याआधीच जाऊन यायला सांगा.